सीलपॅक डब्यात नेमकं काय जपलं जातं?

रत्नागिरीच्या एका संग्राहकांचा प्रश्न आहे. नऊ वर्षांत त्यांनी चित्रपटांची ९०-९५ स्टीलबुकं (पत्र्याच्या डब्यातल्या डिस्क) आणि बॉक्ससेट जमवले. त्यांतले ३८ अजून सीलपॅक आहेत. एकाच चित्रपटाच्या दोन वेगळ्या वेष्टनांतल्या, क्रमांक घातलेल्या आवृत्त्या त्यांनी कोरियाहून मागवल्या, एक मोठा बॉक्ससेट मेहुण्याने लंडनहून आणला. शिवाय वडिलांच्या वेळचं एक खोकं आहे. त्यात व्हीएचएस कॅसेट आणि व्हीसीडी आहेत, आणि त्यांतल्या तीन कॅसेट कधी उघडल्याच गेल्या नाहीत. ते विचारतात, "उघडलं तर किंमत जाते. न उघडावं तर बायको म्हणते, पाहायचं नव्हतं तर घेतलं कशाला? काय करू?"

वहिनींचं ऐका. ३८ पैकी दोन-तीन सोडून बाकी सगळे उघडा, आणि जमलं तर मिरगाच्या आत उघडा. एवढ्यावर समाधान होत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण नऊ वर्षं सील जपलेला माणूस असा एका वाक्यात ऐकत नाही, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

१९९२ पासून पंधरा वर्षं मी ठाण्यात व्हिडिओ लायब्ररी चालवली. दुकान गेलं, गल्ल्यावरचा माणूस राहिला. तेव्हापासून लोकांचे संग्रह तपासून, मोजून, विकायचे असतील तर विकून देणं हेच चालू आहे. लायब्ररीत पावसाळ्यात आमचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. दोन पोरांना बसवून एकूण एक कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्यायची. फिरत्या कॅसेटला बुरशी कमी धरायची. पडून राहिलेल्या कॅसेटच्या फितीवर कडेने पांढरी लव दिसायची. सगळ्यात वाईट अवस्था मात्र माळ्यावर जपून ठेवलेल्या नव्या, सीलबंद मालाची असायची. गिऱ्हाईक रोज हाताळायचं ती कॅसेट धडधाकट, आणि आम्ही फुलासारखी जपलेली कुजलेली. सीलवरचा माझा विश्वास उडाला तो तिथेच.

सील म्हणजे वस्तू काय आहे, हे एकदा हातात घेऊन पाहा. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा डब्याभोवती गुंडाळतात आणि गरम हवेच्या बोगद्यातून काढतात. तो आकसतो आणि घट्ट बसतो. आकसताना आतली हवा बाहेर पडायला हवी म्हणून त्याला बहुधा बारीक भोकं पाडलेली असतात. डबा उजेडात तिरका धरलात तर ती दिसतीलही. म्हणजे सील हवाबंद नाही. दुकानात चोरी होऊ नये, डबा धुळीने मळू नये, गिऱ्हाइकाला नवा वाटावा, एवढंच त्याचं काम. ते काम तुम्ही पैसे देऊन डबा घरी आणलात तेव्हाच संपलं. पंचवीस वर्षं टिकवायचं काम त्याला कोणी दिलेलंच नव्हतं.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची पुस्तिका काढली. त्यात साठवणीसाठी तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितली आहे. रत्नागिरीच्या जुलैत आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, तापमानाचं तर बोलायलाच नको. ही दमट हवा त्या बारीक भोकांतून आत जाते. उन्हाळ्यात सहज बाहेर पडत नाही, कारण आत हवा खेळत नाही. पुठ्ठ्याची स्लिप (डब्यावर चढवलेलं बाहेरचं वेष्टन), आतली पुस्तिका, पोस्टकार्डं ती ओल शोषून बसतात. (त्याच पुस्तिकेत कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्कचं पाकीट वापरायच्या वेळीच उघडा असंही म्हटलं आहे. सीलवाले मित्र तेवढंच वाक्य मला दाखवतात. ते कोऱ्या डिस्कबद्दल आहे, आणि कोऱ्या डिस्कच्या रंगद्रव्याला उजेड आणि ओल सोसत नाही म्हणून आहे. कारखान्यात ठसा मारून आलेल्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये ते रंगद्रव्यच नसतं.)

शिवाय पापुद्र्याचं आकसणं कारखान्यात पूर्ण होतंच असं नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. श्रिंक रॅप तसाच ठेवला तर तो वर्षानुवर्षं ताण देत राहतो आणि तबकडी वाकवतो. म्हणून जाणकार तो काढून टाकतात. चित्रपटांच्या बॉक्ससेटचं तेच होतं. पुठ्ठ्याची स्लिप दोन्ही बाजूंनी आत दबते, कोपरे गोल होतात, कण्याला बाक येतो. मी उघडलेल्या कितीतरी "मिंट", म्हणजे अगदी कोऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या, डब्यांचे कोपरे सीलनेच मोडलेले होते.

आता स्टीलबुक. ही पत्र्याची डबी डेन्मार्कच्या स्कॅनाव्हो कंपनीची. तेच नाव आपण सरसकट सगळ्या पत्र्याच्या डब्यांना लावतो. पत्र्यावर रंग आणि लॅकर असतं, पण बिजागरीशी आणि खालच्या कडेला पत्रा वळवलेला असतो. तिथे थर पातळ होतो, आणि रंगाचा टवका उडाला की खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. मालवणच्या एका घरातून मी वीसेक स्टीलबुकं आणली होती, सगळी सीलपॅक. आठ डब्यांच्या तळाशी तांबूस रेघ होती. पापुद्र्याच्या आत पाण्याचे सुकलेले ठिपके दिसत होते. मालकांनी ती कधी हातातच घेतली नव्हती, कारण सील खराब होईल. पुसायची सोयच नव्हती.

त्यातच मागचा तो कागद, ज्याला संग्राहक जे-कार्ड म्हणतात. तो पत्र्याला डिंकाच्या दोन-चार ठिपक्यांनी चिकटवलेला असतो. हा डिंक वर्ष-दोन वर्षांत निघाला तर बोटाने गोळा होऊन येतो. आठ-दहा उन्हाळे काढले की काही डब्यांवर तो पिवळट डाग ठेवतो. मॅट फिनिशच्या पत्र्यावरून तो डाग जात नाही. म्हणजे ज्या चित्रासाठी तुम्ही दुप्पट पैसे मोजले, त्याच्या पाठीवर सीलच डाग पाडत बसलंय.

हे झालं बाहेरचं. मला खरी काळजी वाटते ती आतल्या मालाची, कारण सीलपॅक डब्यात काय आहे हे तुम्हाला माहीतच नसतं. कागदावर छापलेलं असतं तेवढंच माहीत असतं.

माझाच मामला सांगतो. सहा डिस्कचा एक बॉक्ससेट मी सहा वर्षं सीलबंद ठेवला. उघडला तेव्हा पहिली डिस्क नव्हतीच, दुसरी मात्र दोनदा होती. कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: बदलून द्यायची मुदत संपली, साठाही संपला. पहिल्या आठवड्यात उघडला असता तर एका पत्रात काम झालं असतं.

हा काही अपवाद नव्हे. 'बॅक टू द फ्यूचर'च्या तीन भागांचा डीव्हीडी संच २००२ च्या डिसेंबरात अमेरिकेत आला. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या वाइडस्क्रीन आवृत्तीत काही प्रसंगांची चौकट चुकली होती, चित्र वर-खाली सरकलेलं. युनिव्हर्सलने दुरुस्त डिस्क काढल्या आणि मागणाऱ्यांना बदलून दिल्या. नव्या डिस्कवर 'व्ही २' अशी खूण होती. आता त्या संचाचा सीलपॅक डबा समोर आला तर आत चुकलेला माल आहे की दुरुस्त केलेला, हे सील न फोडता कसं सांगणार? ज्यांनी पाहिलं त्यांनी तक्रार केली, त्यांना बरोबर डिस्क मिळाली. ज्यांनी जपलं त्यांनी चूक जपली.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. वॉर्नर ब्रदर्सच्या होम व्हिडिओ विभागाने २०२५ मध्ये मान्य केलं की २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडी खराब होत आहेत, आणि शक्य तिथे बदलून द्यायची तयारी दाखवली. ही गोष्ट उजेडात कशी आली? लोकांनी कपाटातल्या डिस्क काढून लावल्या, त्या अडकल्या, आणि त्यांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले. चिकटवण्यात किंवा आतल्या धातूच्या थरात खोट राहिली की कड ढगाळ व्हायला लागते आणि वाचन अडतं. हा दोष हाताळल्याने येत नाही, म्हणून न हाताळल्याने टळतही नाही. सीलपॅक डिस्क तेवढीच मरते, फक्त मालकाला बातमी उशिरा लागते.

फोमचंही तसंच. ऐंशीच्या दशकातल्या काही जाड जोड-सीडी डब्यांत स्पंजचा तुकडा ठेवलेला असायचा. तो वयाने विरघळून डिस्कला चिकटला आणि डिस्क गेल्या. आजही काही दिमाखदार बॉक्ससेटमध्ये मूर्ती किंवा नाणं बसवायला फोम असतो. डब्यात फोम आहे असं कळलं की मी तो त्याच दिवशी उघडतो आणि डिस्क वेगळ्या ठेवतो.

आणि त्या डिजिटल कॉपीच्या चिठ्ठ्या! २०१९ पूर्वीच्या कित्येक परदेशी डब्यांत 'अल्ट्राव्हायोलेट'चा, म्हणजे तोच चित्रपट इंटरनेटवर पाहू देणाऱ्या सेवेचा, कोड असायचा. ती सेवा ३१ जुलै २०१९ ला बंद पडली. सीलच्या आत न वापरलेला कोड शाबूत आहे म्हणून दोन हजार जास्त मागणारा विक्रेता मला गेल्या वर्षीच भेटला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

आता पैशाकडे येऊ, कारण सील जपण्यामागचं खरं कारण तेच असतं, मग तोंडाने आपण काहीही म्हणो.

योगायोगाने याच 'बॅक टू द फ्यूचर'च्या एका सीलबंद व्हीएचएस कॅसेटला जून २०२२ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ७५ हजार डॉलर आले. ही बातमी मला निदान वीस जणांनी पाठवली असेल, प्रत्येक वेळी "मग?" असं लिहून. मग काय? ती कॅसेट त्याच चित्रपटात काम केलेल्या टॉम विल्सन या नटाच्या स्वतःच्या संग्रहातली होती. ती आद्य आवृत्ती होती, तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेली. शिवाय कॅसेटच्या बाबतीत सीलला एक वेगळा अर्थ आहे. काही स्टुडिओंच्या पापुद्र्यावर त्यांची स्वतःची खूण छापलेली असायची, म्हणून सील हाच अस्सलपणाचा पुरावा ठरतो. तुमच्या-माझ्या स्टीलबुकचा पापुद्रा कोरा असतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात तसा रोल मिळतो, आणि गरम हवेची गन कोणाकडेही असते. नव्याने सील केलेले डबे मी पाहिलेत. शिवणीची रेघ वाकडी, कोपऱ्यात प्लास्टिक वितळून गाठ झालेली, आतल्या डब्यावर बोटांचे ठसे. घाईत पाहणारा फसतो.

उलट बाजूचं उदाहरण डिस्नेच्या 'ब्लॅक डायमंड' (कण्यावर काळ्या हिऱ्याची खूण असलेल्या) व्हीएचएस कॅसेटचं. त्यांना हजारो डॉलर मिळतात अशी आवई दर दोन-तीन वर्षांनी उठते. लोक विक्रीची जाहिरात पाहतात, झालेला व्यवहार पाहत नाहीत. त्या कॅसेट लाखोंनी खपल्या होत्या, आणि बहुतेकींना आज चार-दोन डॉलरांपलीकडे कोणी विचारत नाही. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत किती अंतर असतं, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या ३८ डब्यांचा हिशेब घरच्या वहीत मांडू. समजा ३,००० रुपयांना घेतलेलं स्टीलबुक आठ वर्षांनी ५,००० ला गेलं. छान वाटतं. तेच ३,००० बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर आठ वर्षांत साधारण ५,१५० झाले असते. वरती कुरिअरचा खर्च, खोक्यातलं बबल रॅप, वाटेत डबा चेपला तर होणारी भांडणं आणि जागेचं भाडं हे धरलेलंच नाही. आणि ५,००० ला गेलं तर! बहुतेक स्टीलबुकांची किंमत साठा संपल्यावर पहिल्या काही महिन्यांत उसळते. मग तोच चित्रपट नव्या मुखपृष्ठासह किंवा चांगल्या प्रिंटवरून ४के मध्ये परत येतो, आणि जुन्या डब्याची हवा जाते. जुना डबा उघडा असो की बंद.

सीलवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला सील म्हणजे भरवसा वाटतो. जर्मनीतला माणूस रत्नागिरीच्या माणसाकडून डबा घेतो तेव्हा त्याला तुमचा चेहरा माहीत नसतो, सील माहीत असतं. म्हणून सीलपॅकला जास्त किंमत येते ती प्रामुख्याने या भरवशाची. पण भरवसा दुसऱ्या मार्गानेही देता येतो. उघडताना काढलेला व्हिडिओ, डिस्कच्या दोन्ही बाजूंचे नीट फोटो, ती शेवटपर्यंत चालते याची खात्री. मी विकतो ते उघडे डबे असेच जातात. सीलपॅकपेक्षा थोडे कमी पैसे येतात, पण परत आलेला माल जवळपास शून्य.

आणखी एक गोष्ट संग्राहक विसरतात: वाजवायला यंत्र लागतं. तोशिबाने ब्लू-रेची स्पर्धक एचडी डीव्हीडी फेब्रुवारी २००८ मध्ये सोडून दिली. ते सीलपॅक डबे आज शोभेचे आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये डिस्क प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं बंद केलं. ब्लू-रे अजून धडधाकट आहे, नव्या डिस्क येताहेत, घाबरायचं कारण नाही. पण "निवृत्तीनंतर पाहू" म्हणून ३८ डबे ठेवणाऱ्याने एक चांगला प्लेअरही आत्ताच घेऊन ठेवावा आणि मधूनमधून चालवावा. आणि परदेशी डब्यांचा विभाग, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते, एकदा तपासा. डीव्हीडीत भारत पाचव्या विभागात येतो, ब्लू-रेत 'सी' विभागात. कोरिया ब्लू-रेत 'ए' मध्ये आहे, इंग्लंड 'बी' मध्ये. ४के डिस्कला विभागाचं बंधन नाही. कोरियाहून आलेली ब्लू-रे तुमच्या प्लेअरवर चालतच नाही, हे नऊ वर्षांनी कळलं तर कोणावर चिडणार?

बंद कधी ठेवावं? तोच चित्रपट तुमच्याकडे उघडा असेल आणि दुसरा डबा केवळ विकायला किंवा अदलाबदलीला घेतला असेल तेव्हा. तुम्ही खरोखर व्यापार करत असाल, म्हणजे घेतल्यापासून वर्ष-दीड वर्षात विकणार असाल तेव्हा. आणि जुनी व्हीएचएस असेल, जिचं सील मूळ आहे आणि चित्रपट आणखी चार ठिकाणी सहज पाहायला मिळतो, तेव्हा. या तिन्ही वेळी आपण वेष्टन सांभाळतोय हे स्वतःशी कबूल करा. "संग्रह सांभाळतोय" असं म्हणू नका. एवढीच माझी अट.

उघडायचं कसं, याकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि मग डब्यावर ओरखडा पडला की सीलच बरं होतं म्हणतात. धुतलेला जुना सुती टॉवेल टेबलावर पसरा. हातातली अंगठी, घड्याळ काढा. स्टीलबुक ज्या बाजूने उघडतं तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये खाच असते, आणि तेवढ्याच जागी प्लास्टिक अधांतरी असतं. त्या खाचेत नखाने किंवा बोथट प्लास्टिकच्या टोकाने पापुद्रा फोडा आणि लांबीभर ओढत न्या. कटर नको. कण्याच्या बाजूला तर ब्लेड दाखवूसुद्धा नका. पापुद्र्यावर रंगीत स्टिकर असेल तर तो तुकडा कापून पुस्तिकेत ठेवा. पुढेमागे विकताना त्याचेही पैसे मिळतात, हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येतं, पण मिळतात.

मागचा कागद ओढून काढू नका. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट दिली की डिंक सैल होतो. उरलेला बोटाने चोळून गोळा करा. आपल्याकडे डिंकाचा डाग खोबरेल तेलाने काढायची जुनी रीत आहे. गुळगुळीत, चकाकत्या पत्र्यावर कापसाने एक थेंब चालतो. पुठ्ठ्याच्या स्लिपला मात्र तेलाचा हात लावू नका, ते कायमचं मुरतं. नेलपॉलिश काढायचं द्रव कशालाच नको, ते लॅकर घेऊन जातं.

डिस्क काढताना मधलं बटण दाबून डिस्क उचला. कडेला धरून वाकवून काढली तर मधल्या भोकाशी तडा जातो. मग ती दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का, कड ढगाळ आहे का, ते बघा. नव्या डिस्कवरही कधी कधी कारखान्यातला पुसट थर असतो. मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. विशेषतः ४के च्या १०० जीबीच्या डिस्क अशा पुसट थराने अडखळतात, आणि लोक प्लेअरला शिव्या घालतात. मग डिस्क चालवून पाहा: सुरुवात, मध्य आणि शेवटची वीस मिनिटं. वाचन आतल्या बाजूने सुरू होतं, त्यामुळे कडेची खोट सुरुवातीला दिसत नाही, पुढे सापडते. पहिली दहा मिनिटं पाहून "चालते" म्हणणारे म्हणूनच फसतात.

उघडल्यावर ठेवायचं कुठे, हा कोकणातला मोठा प्रश्न. भिंतीला टेकलेलं कपाट नको, चार बोटं जागा सोडा. डबे उभे ठेवा, घट्ट कोंबू नका. संरक्षक पाकिटं पीव्हीसीची घेऊ नका, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईटीची घ्या, आणि त्यांचं तोंड बंद करू नका. काही शे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा मीटर कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरता येतात. संग्रह मोठा असेल तर फोटोग्राफर लेन्ससाठी वापरतात तशी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या, निदान पुठ्ठ्याच्या बॉक्ससेटसाठी. डांबराच्या गोळ्या मात्र कपाटात टाकू नका. कसर पळते हे खरं, पण त्यांची वाफ डब्यांच्या प्लास्टिकला मानवत नाही. कसरीसाठी उत्तम उपाय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी डबे काढून उघडणं आणि पुस्तिका चाळणं. सीलपॅक डब्यात हे करता येत नाही.

आता तुमच्या वस्तू. कोरियाच्या दोन आवृत्त्या एकाच चित्रपटाच्या आहेत. ज्या डब्याचे कोपरे किंचित दबलेत तो उघडा, दुसरा बंद राहू द्या आणि येत्या वर्षभरात कोणाशी तरी बदला. त्याला म्हातारा होऊ देऊ नका. लंडनचा बॉक्ससेट सगळ्यात आधी उघडा. एवढ्या मोठ्या संचात डिस्क पुठ्ठ्याच्या खाचांत घातलेल्या असण्याची शक्यता खूप असते. तिथे डिंकाचा ओघळ डिस्कवर आलेला मी पाहिलाय, आणि बाहेर काढताना पुठ्ठ्याने चरेही पडतात. तसं असेल तर डिस्क साध्या प्लास्टिकच्या पाकिटांत काढून ठेवा आणि संचाचा डबा शोभेला राहू द्या. बाकीच्या पस्तीसांत जुने आधी, नवे नंतर. रोज दोन उघडलेत तरी अडीच आठवड्यांत होतात.

वडिलांच्या तीन सीलबंद कॅसेटपैकी इंग्रजी चित्रपट ज्या असतील त्या तशाच ठेवा. फोटो काढून पाठवा, सीलची शिवण पाहून सांगतो. मराठी किंवा हिंदी असेल तर चित्रपट दुसरीकडे मिळतो का ते आधी शोधा, नसेल मिळत तर उघडून डिजिटल करून घ्या. घरच्या जुन्या व्हीसीआरवर थेट लावू नका. बुरशी धरलेली फीत हेड खराब करते आणि मग त्याच यंत्रात घातलेल्या पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी देते. नवा व्हीसीआर मिळणार नाही. जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये शेवटचे बनवले, त्यानंतर कोणी बनवत असल्याचं ऐकिवात नाही.

त्याच खोक्यातल्या व्हीसीडींबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तिथेच थांबावंसं वाटलं. मोझर बेअरने २००७ मध्ये बाजारात उतरून व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्या लाटेत कितीतरी मराठी चित्रपट घराघरांत पोचले, तेही पातळ कागदी पाकिटांत. चित्राचा आकार अवघा ३५२ बाय २८८, एका डिस्कमध्ये जेमतेम सव्वा तास, म्हणून चित्रपट दोन-तीन तुकड्यांत. संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण त्यांतल्या काही चित्रपटांची त्यापेक्षा चांगली प्रत पुढे बाजारात आलेली मी पाहिलेली नाही. आणि व्हीसीडीची रचना सीडीचीच, माहितीचा थर लेबलच्या बाजूला लॅकरखाली लगेच असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुसून निघू शकतो, लेबलवरचा ओरखडा मात्र चित्रपटच घेऊन जातो. तुमच्या संपूर्ण कपाटात आज उघडून, तपासून, संगणकावर प्रत काढून ठेवायलाच हवी अशी वस्तू कुठली असेल तर ती ही २८ रुपयांची आहे, तीन हजारांची स्टीलबुकं नव्हेत. त्या खोक्यातल्या शीर्षकांची यादी पाठवा. कुठली आधी वाचवायची ते मी खूण करून देतो.